न घडलेल्या गोष्टीची बातमी

आमच्या गावात नळाला पाणी येतं ते सहाव्या, सातव्या, कधी नवव्या दिवशी. ज्या दिवशी येतं त्या दिवशी आई भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेभोवती पेनाने गोल करते. दुधाचा हिशोब, गॅसची टाकी लावल्याची तारीख, कुणाचं बारसं, आणि त्यांच्या मधूनमधून हे निळे गोल. पिंप, हंडे, बादल्या, शेवटी पातेली आणि तांबेसुद्धा भरून झाले की मगच ती टेकते.

मागच्या उन्हाळ्यात एकदा आठ दिवस झाले तरी पाणी आलं नव्हतं. पहाटे साडेचारपासून आई नळाकडे कान लावून बसली होती. टीव्हीवर एक नेते ‘नॉट रिचेबल’ झाल्याची बातमी चालू होती. त्यांचा शेवटचा फोन कुणाला झाला, गाडी कुठल्या फाट्यावरून वळली, सोबत कोण होतं, सगळं क्षणाक्षणाला कळत होतं. खालच्या पट्टीवर घडामोडींना वेग आला होता. आई म्हणाली, “हा माणूस दोन तास सापडत नाही तर साऱ्या महाराष्ट्राला कळतं. आपलं पाणी आठ दिवस सापडत नाही, ते कुणालाच कसं कळत नाही?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. वाहिन्या विकल्या गेल्यात, पत्रकार आळशी झालेत, असं मीही चारचौघांसारखं म्हणत आलो होतो. पण आईचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून बातमी कशी तयार होते ते मुळापासून वाचायला घेतलं. खलनायक शोधायला निघालो होतो. पहिल्यांदा सापडलं ते एक घड्याळ, आणि ते समजल्यापासून मी बातम्यांकडे पूर्वीसारखा पाहूच शकलेलो नाही.

धरण आणि त्याचं उद्घाटन

१९६५ साली योहान गाल्टुंग आणि मारी होल्मबो रुगे या नॉर्वेच्या दोन अभ्यासकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. काँगो, क्यूबा आणि सायप्रस इथल्या पेचप्रसंगांच्या बातम्या आपल्या देशातल्या वर्तमानपत्रांनी कशा दिल्या, हे त्यांनी तपासलं होतं. जगात दर क्षणाला अगणित गोष्टी घडतात. त्यातली नेमकी कुठली गोष्ट ‘बातमी’ होते, याच्या बारा कसोट्या त्यांनी मांडल्या. त्यातली पहिलीच कसोटी वेळेची आहे. वर्तमानपत्र दर चोवीस तासांनी निघतं, म्हणून जी गोष्ट चोवीस तासांच्या आत सुरू होऊन संपते ती त्याला दिसते. जी गोष्ट महिनोन्‌महिने हळूहळू घडत राहते, ती त्याच्या डोळ्यांसमोर असूनही निसटते. हे सांगताना त्यांनी दिलेला एक दाखला आपल्याकडचा वाटावा असा आहे: धरण बांधलं जात असतं तेव्हा त्याची बातमी होत नाही, ती उद्घाटनाच्या दिवशी होते.

हे वाचलं आणि मला निळवंडे आठवलं. प्रवरा नदीवरच्या या धरणाची कल्पना १९७० सालची. अकोले, संगमनेर, राहाता, कोपरगाव, सिन्नर या भागांतल्या १८२ गावांना त्याचं पाणी मिळायचं होतं. डाव्या कालव्याचं लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झालं ते २६ ऑक्टोबर २०२३ रोजी. मधे ५३ वर्षं गेली. कालवा होईल म्हणून ज्यांनी वाट पाहिली त्यांची नातवंडं त्या दिवशी पाणी बघायला उभी होती. या ५३ वर्षांत किती अर्थसंकल्प झाले, किती मोर्चे निघाले, किती वेळा खर्चाचा अंदाज बदलला! राजकारण म्हणजे दुसरं काय असतं? कुठल्या कामाला पैसा आधी आणि कुठल्याला मागून, हे ठरवणं म्हणजेच तर राजकारण.

पण त्याच दिवशी शिर्डीच्या सभेत पंतप्रधानांनी शरद पवारांच्या कृषिमंत्रिपदाच्या काळावर टीका केली, आणि व्यासपीठावर अजित पवार बसलेले होते. पुढचे दोन-तीन दिवस चर्चा रंगली ती या टीकेची आणि शरद पवारांनी तिला दिलेल्या उत्तराची. टीका त्या सभेतल्या काही मिनिटांची होती, आणि दिवसाच्या घड्याळात ती अगदी सहज मावली. ५३ वर्षं मावण्याजोगी नव्हती.

एका सकाळी दोन खऱ्या बातम्या

हे घड्याळ किती जोरात फिरतं, हे महाराष्ट्राने २३ नोव्हेंबर २०१९ ला पाहिलं. आदल्या संध्याकाळी मुंबईत तीन पक्षांची बैठक झाली आणि उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचं शरद पवारांनी बाहेर येऊन सांगितलं. रात्री पानं लागली, छपाई झाली, गठ्ठे गाड्यांत चढले. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी सरकार बनत नसल्याने लागू झालेली राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची, तर अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. लोक चहाचा कप हातात घेऊन बसले होते. मांडीवरचा पेपर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार म्हणत होता आणि समोरचा टीव्ही फडणवीस झाले म्हणत होता.

कुणीच खोटं छापलं नव्हतं. पेपरने रात्रीपर्यंतचं जग दाखवलं, टीव्हीने त्या क्षणाचं. पुढे चार दिवसांच्या आत ते सरकार गेलं, २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांचा शपथविधी झाला, आणि आदल्या रात्री छापलेली ती ओळ उशिरा का होईना, खरी ठरली.

त्या आठवड्यांत राज्यात आणखी एक गोष्ट चालू होती. ऑक्टोबरच्या शेवटी अवकाळी पावसाने सोयाबीन, कापूस, भात, द्राक्षं झोडपून काढली होती. सोयाबीनच्या गंजींना कोंब फुटले होते. पंचनामे करायचे कुणी आणि मदत जाहीर करायची कुणी, असा प्रश्न होता, कारण सरकारच नव्हतं. शेवटी राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांनी खरिपासाठी हेक्टरी ८ हजार आणि फळबागांसाठी हेक्टरी १८ हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर केली. ही बातमी आली नाही असं नाही, ती आली. पण आज त्या महिन्याबद्दल विचारलं तर ‘पहाटेचा शपथविधी’ पोरासोरांना ठाऊक असतो. तो पाऊस आठवतो ज्यांचं सोयाबीन गेलं त्यांना. खरं तर दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. मुंबईत सरकार बनत नव्हतं म्हणून गावात नुकसानीची मदत अडली होती. हा धागा राजकारणाचाच होता, पण तो दिसण्यासाठी राजभवन आणि शिवार एकाच चौकटीत घ्यायला हवं होतं.

‘सूत्र’ आणि ‘पुडी’

हे घड्याळ सतत काहीतरी मागतं. चोवीस तासांच्या वाहिनीला दर अर्ध्या तासाला नवं काही हवं असतं, आणि सत्ता रोज तर बदलत नाही. ही भूक भागवायला ‘सूत्रं’ येतात. नाव न छापण्याच्या अटीवर मिळालेली माहिती पत्रकारितेत मोलाची असते. कित्येक गैरव्यवहार तिच्यामुळेच उजेडात आले. पण राजकारणात सांगणाऱ्याचाही काही हेतू असतो. मंत्रिमंडळ विस्तारात आपलं नाव चालेल का, हे अजमावायला कुणी ते पत्रकाराच्या कानावर घालतं. प्रतिस्पर्ध्याचं नाव मुद्दाम आधीच फोडलं की ते कापलं जाण्याची शक्यता वाढते. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: पुडी सोडणं. तेव्हा ‘सूत्रांची माहिती’ वाचताना मी आता मनात दोन प्रश्न विचारतो. हे कुणी सांगितलं असेल? आणि हे आज बाहेर आल्याने कुणाचं काम सोपं झालं? उत्तर दरवेळी मिळत नाही, पण बातमीत एक खोली दिसू लागते.

कानाला न ऐकू येणारी खूण

आता पैशाकडे येऊ. टीव्हीवर काय चालतं ते टीआरपी ठरवतो, असं आपण सहज म्हणतो. तो मोजतात कसा हे कळलं तेव्हा मी अवाक झालो. वाहिनीच्या आवाजातच एक खूण मिसळलेली असते. माणसाच्या कानाला ती ऐकू येत नाही, पण निवडक घरांत बसवलेलं छोटं यंत्र ती ओळखतं. घरातल्या प्रत्येकासाठी रिमोटवर एक बटण असतं. कोण टीव्हीसमोर बसलंय, हे त्यावरून नोंदवलं जातं. अशी घरं देशभरात पन्नास हजारांहून थोडी जास्त आहेत आणि टीव्ही असलेली घरं वीस कोटींहून जास्त. म्हणजे जवळजवळ चार हजार घरांच्या वतीने एक घर कौल देतं, आणि त्या कौलावर जाहिरातींचा पैसा हलतो.

बातम्यांच्या वाहिन्या पाहणारी घरं त्यातही थोडी. त्यामुळे मूठभर घरांनी चॅनल बदललं तरी आकडा डोलतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीतल्या कथित फेरफाराची चौकशी सुरू केली, त्यानंतर बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे जाहीर करणंच थांबलं. ते पुन्हा सुरू झाले मार्च २०२२ मध्ये, आणि तेव्हा बातम्यांसाठी एक बदल झाला. एकेका आठवड्याचा सुटा आकडा न देता चार आठवड्यांची सरासरी द्यायचं ठरलं. मोजमाप करणाऱ्या व्यवस्थेनेच घड्याळ थोडं सावकाश केलं. त्याअर्थी ते सावकाश करता येतं!

पण स्टुडिओत चार माणसं बसवून भांडण लावायला जेवढा खर्च येतो, त्यापेक्षा बातमीदाराला कॅमेऱ्यासह आठ दिवस एखाद्या कालव्यावर ठेवायला कितीतरी जास्त येतो. त्या आठ दिवसांच्या शेवटी ‘काहीच घडलं नाही’ हेच हाती येण्याची शक्यता असते. आमच्या नळाची बातमी तिथेच अडते.

एक चेहरा दाखवला की काय होतं

या शोधात मला सगळ्यात हलवून गेलं ते शांतो अय्यंगार यांचं काम. अमेरिकेत राज्यशास्त्र शिकवणाऱ्या या अभ्यासकांनी प्रेक्षकांना टीव्हीच्या बातम्या दाखवून प्रयोग केले आणि १९९१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. गरिबीची बातमी दोन प्रकारे दाखवता येते. एका प्रकारात एक माणूस, त्याचं घर, त्याची अडचण दिसते. दुसऱ्यात गरिबी किती वाढली, कुठल्या धोरणामुळे वाढली, हे दिसतं. आपल्याला वाटेल की एका माणसाचा चेहरा पाहून कळवळा जास्त येईल आणि सरकारला जाब विचारला जाईल. निष्कर्ष उलटा निघाला. एका माणसाची गोष्ट पाहणाऱ्यांचा कल दोष त्या माणसावरच टाकण्याकडे होता. मोठं चित्र पाहणाऱ्यांनी समाजाकडे आणि सरकारकडे बोट दाखवलं.

मी हे आपल्या राजकीय बातम्यांना लावून पाहतो तेव्हा थबकतो. वर्षानुवर्षं आपण राजकारण एकेका माणसाच्या गोष्टीतून पाहतो आहोत. कोण रुसला, कोण कुणाच्या गाडीत बसला, कोण गुवाहाटीला गेला. मग आपला निष्कर्षही माणसांबद्दलच निघतो: ‘सगळे सारखेच.’ हे वाक्य पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत रोज ऐकू येतं. मला वाटतं, ते आपल्या अनुभवातून जितकं आलंय तितकंच आपल्याला दाखवलेल्या चौकटीतूनही आलंय. ज्या चौकटीत पाइपलाइन, निविदा, पाणीपट्टी आणि गळती कधी दिसतच नाही, तिथे नळ कोरडा राहण्याचं कारण म्हणून माणसाचा स्वभाव तेवढा उरतो. आणि स्वभावाला औषध नाही, म्हणून आपण चॅनल बदलतो.

जे घडलंच नाही

हळू चालणारी गोष्ट निदान कधीतरी उद्घाटनापाशी पोचते. जे घडतच नाही, त्याचं काय?

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि प्रशासकाकडे कारभार गेला. २२७ नगरसेवकांची ही संस्था. निवडणूक आज होईल, उद्या होईल म्हणता म्हणता ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या स्थानिक संस्थांच्या निवडणुकांचे आदेश दिले, तोवर तीन वर्षं उलटून गेली होती. पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे इथंही नगरसेवक नव्हते. गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं, हा प्रश्न कोट्यवधी लोकांपुढे एकाच वेळी होता. प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, न्यायालयातल्या तारखा या सगळ्याच्या बातम्या आल्या, अग्रलेखही आले. पण ज्या दिवशी काहीच झालं नाही अशा हजाराहून अधिक दिवसांतल्या कुठल्याही एका दिवशी ही पहिल्या पानाची बातमी होण्याचं कारण नव्हतं. कालही निवडणूक झाली नव्हती, आजही नाही. कॅमेऱ्याने टिपायचं काय?

पी. साईनाथ यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात हेच दुखणं सांगितलं. मराठीत ते ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने आलं. वंचित राहणं ही रोज चालणारी प्रक्रिया आहे आणि आपण तिच्याकडे घटना म्हणून पाहतो. भूकबळी गेला की धावतो, रोजची अर्धी भाकरी नजरेतून सुटते.

आपल्या भाषेच्या वर्तमानपत्रांनी मात्र सुरुवातीपासून हे घड्याळ वाकवून दाखवलं आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं १८३२ मध्ये. १८४८ पासून लोकहितवादींनी ‘प्रभाकर’मधून शंभरावर पत्रं लिहिली. त्यांचे विषय काल घडलेले नव्हते, शेकडो वर्षं चालत आलेले होते: जातिभेद, विधवांचे हाल, शिक्षणाविषयीची अनास्था. तरीही ती दर आठवड्याला ताजी वाटत, कारण लिहिणारा पुन्हा पुन्हा तिथेच बोट ठेवत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू केलं, तेव्हा त्यांच्यासमोर असा मोठा समाज होता ज्याचं रोजचं दुःख इतर पत्रांच्या लेखी बातमीच नव्हतं. पाणवठ्यावर पाणी न मिळणं ही तेव्हाही ‘न घडलेली’ गोष्टच होती.

पेपरातला तो छोटा चौकोन

आणि मग माझं लक्ष त्या गोष्टीकडे गेलं जी मी लहानपणापासून पाहत होतो. पावसाळा लागला की मराठी पेपरांत एका कोपऱ्यात छोटा चौकोन येतो: धरणांतील पाणीसाठा. कोयना, उजनी, जायकवाडी, खडकवासला, भंडारदरा. पुढे टीएमसी आणि टक्के. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर पाणी. धरण रोज थोडं थोडं भरतं. त्यात कुणी रुसत नाही, फुटत नाही, शपथ घेत नाही. तरीही लाखो माणसं आधी तो चौकोन शोधतात.

सोलापूरच्या माणसाला त्यातली आणखी एक गंमत माहीत असते. उजनीचा साठा शून्याच्या खाली जातो! ‘उजनी वजा ४० टक्के’ असं वाचून बाहेरचा माणूस गोंधळतो. उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून अधिक मृत साठ्यात धरलं जातं. उपयुक्त साठा संपला की मोजणी वजा चिन्हाने पुढे चालू राहते. ‘पाणी संपलं’ एवढंच सांगून ती थांबत नाही, किती संपलं हेही रोज सांगते. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, ऊस ठेवायचा की मोडायचा, हे माणसं त्या आकड्यावरून ठरवतात आणि पालकमंत्र्यांना जाब विचारतात तोही तोच आकडा पुढे करून. राजकारणाची इतकी नेमकी बातमी दुसरी क्वचितच असेल. कुणीतरी एका अतिशय हळू चालणाऱ्या गोष्टीला रोजचं घड्याळ बांधून दिलं, आणि ती दिसू लागली.

हे लक्षात आलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरातल्या भिंतीपाशी गेलो. आईच्या कॅलेंडरवरचे निळे गोल मोजले. मागच्या जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत ५३. वर्षाच्या ३६५ दिवसांत ५३ दिवस पाणी. सगळ्यात मोठा खंड मे महिन्यात, अकरा दिवसांचा.

आमच्या तालुक्याच्या बातमीदाराला मी हे सांगितलं. हा माणूस मोटारसायकलवर चाळीस गावं फिरतो, स्वतःच फोटो काढतो, दिवाळी अंकाच्या जाहिरातीही त्यालाच गोळा कराव्या लागतात. नळाची बातमी त्याने पूर्वी तीनदा दिली होती. एकदा हंडा मोर्चा निघाला तेव्हा, एकदा जलवाहिनी फुटली तेव्हा, एकदा योजनेचं भूमिपूजन झालं तेव्हा. तो घरी आला, कॅलेंडर भिंतीवरून काढून बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने आईला विचारलं, “काकू, त्याच्या आदल्या वर्षीचं आहे का हो?”

आई आत गेली. फडताळातले डबे खाली काढले आणि फळ्यांवर अंथरलेली जुनी कॅलेंडरं एकेक करून उचलली. तेलाचे डाग पडलेली, कडा दुमडलेली. २०२१. २०१९. २०१६. प्रत्येकावर निळे गोल. काही वर्षी दाट, काही वर्षी विरळ. तिने ती पुसून त्याच्यासमोर ठेवली, आणि तो जमिनीवर मांडी घालून, वही उघडून, वर्षं ओळीने लावून गोल मोजायला बसला.